मनगटातून जाणारी रेघ

माझे आजोळ सावंतवाडीच्या बाजूला. मामा सुतार. भात पोटरीला आले की रानडुकरांचा उपद्रव वाढे, आणि शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एखादी ठासणीची बंदूक बहुतेक वाड्यांत असे. त्यांतली कुठली ना कुठली मोडून मामांकडे येई. नळीला सहसा काही होत नसे. मोडायचा तो लाकडी दस्ता, आणि तोही नेमका एकाच जागी : चापाच्या मागे, जिथे आपण मूठ आवळतो तिथे. मामा फुटीत सरस भरून वरून तांब्याची तार गच्च गुंडाळून देत आणि देतानाच सांगत, ‘‘परत हयच मोडतली.’’ मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. दुरुस्त करणाराच असे का म्हणतो, हे मला कळत नसे.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत, पेनसिल्व्हानिया राज्यातल्या लँकेस्टर परगण्यात, एका संग्रहालयातल्या काचेमागे मी अठराव्या शतकातली एक लांब रायफल पाहत होतो. तिच्या दस्त्याला त्याच जागी पितळी पत्रा गुंडाळून बारीक खिळ्यांनी ठोकला होता. शेजारच्या दुसऱ्या रायफलीला तिथेच कातड्याची वादी होती. ओली असताना आवळून शिवलेली आणि वाळल्यावर लाकडाला घट्ट बसलेली. देश वेगळा, लाकूड वेगळे, काळ वेगळा, आणि मोड मात्र तीच. पुढची बारा-तेरा वर्षे मी फावल्या वेळात ज्या नादात घालवली, त्याची सुरुवात त्या काचेसमोर झाली.

ज्या बंदुकीबद्दल लिहितो आहे तिची थोडी ओळख. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशांतून हजारो कुटुंबे पेनसिल्व्हानियात आली. त्यांच्याबरोबर बंदूक घडवणारे कारागीरही आले. आंद्रेआस आल्ब्रेख्त १७५० साली आला. नाझरेथ गावाजवळच्या मोरेव्हियन पंथीयांच्या वसाहतीत त्याने शिष्य घडवले आणि पुढे लँकेस्टर परगण्यातल्या लिटिट्झ गावी स्थायिक झाला. माइंत्सकडून लहानपणी आलेला जेकब डिकर्ट लँकेस्टर शहरात काम करत असे. या मंडळींच्या डोळ्यांसमोर जर्मनीतली ‘येगर’ म्हणजे शिकाऱ्याची रायफल होती : आखूड, जाड नळीची, मोठी गोळी उडवणारी. इथल्या जंगलात तिचे रूप बदलले. नळी वाढत वाढत बेचाळीस-चव्वेचाळीस इंचांवर गेली, भोक लहान झाले, शिसे आणि दारू कमी लागू लागली. नळीच्या आत आटे पाडलेले असल्यामुळे गोळी गरगरत आणि म्हणून सरळ जाई. दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासायची, रंजक चकमकीच्या ठिणगीने पेटवायची. (‘रंजक’ या शब्दाचा हा स्फोटक अर्थ आता मराठीत जवळजवळ विझला आहे, आणि आपण तो फक्त करमणुकीसाठी वापरतो.) पुढे जगभर ती ‘केंटकी रायफल’ म्हणून ओळखली गेली, पण तिचे माहेर पेनसिल्व्हानियाच.

ही विद्या अजून जिवंत आहे. विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या ऐतिहासिक नगरात वॉलेस गसलर या कारागिराने १९६०च्या दशकात अठराव्या शतकातलीच हत्यारे वापरून लोखंडाच्या पट्टीपासून नळीसकट अख्खी रायफल घडवली, तिचा माहितीपट निघाला आणि शेकडो हौशी लोक या कामाकडे वळले. पेनसिल्व्हानियात १९७४पासून नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे या बंदुकांना नुसते भिंतीवर टांगून ठेवले जात नाही. माझे गुरू, सत्तरी ओलांडलेले जर्मन वंशाचे एक शेतकरी, दर हिवाळ्यात एक रायफल पुरी करत. मी पेशाने यंत्र अभियंता आणि रक्ताने सुतार. त्यांच्या गोठ्यामागच्या खोलीत शनिवारी जाऊन बसू लागलो.

नळी आणि चकमकीची कळ आज तयार विकत मिळते. दस्ता मात्र लाकडातून काढावा लागतो. त्यासाठी लागणारी फळी अडीच इंच जाड, साठेक इंच लांब आणि खांद्याकडच्या टोकाला सात-आठ इंच रुंद असते. शुगर मेपलची अशी वाळलेली फळी तेरा किलोच्या आसपास भरते. त्यातले बहुतेक लाकूड ढलप्या आणि भुसा होऊन जमिनीवर पडते. उरतो तो दस्ता नळीच्या तोंडापर्यंत पोचणारा आणि कमालीचा सडपातळ असतो. नळीची खाच आणि तिच्याखालचे गजाचे भोक यांच्यामध्ये एक सूत लाकूड उरते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे परिमाण मला मामांमुळे माहीत होते आणि इथले जुने कारागीर तेच माप बोलतात, फक्त त्याला नाव नाही. मात्र हा पुढचा भाग कितीही पातळ असला तरी त्याला लोखंडी नळीचा आधार असतो. खांद्याकडचा मागचा भाग जाडजूड असतो. या दोहोंच्या मध्ये, मूठ आवळायच्या जागी, दस्ता दीड इंचावर येतो. इंग्रजीत तिला मनगटच म्हणतात. त्याच्या पुढे लगेच एका बाजूने कळ बसवायला खोल खाच कोरलेली असते, खालून चापासाठी फट असते आणि वरून खालपर्यंत एक स्क्रू आरपार जातो. म्हणजे जिथे लाकूड सर्वांत बारीक, तिथेच ते सर्वांत जास्त पोखरलेले. तिथे लोखंडाचा आधार संपलेला असतो आणि दस्ता खाली वळत असतो.

हे वळण लक्षात ठेवायला हवे, कारण सगळे त्यातच आहे.

माझी पहिली फळी मी एका लाकूड विक्रेत्याकडून आणली. त्याने ती माझ्यासमोर स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि आत दिवा लावावा तशी ती पेटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे, सोनेरी-तपकिरी पट्टे. फळी हलवली की पट्टे सरकत. मेपलच्या काही थोड्या झाडांत तंतू सरळ न वाढता बारीक लाटांत वाढतात. रंधा मारला की लाटेचा एक उतार प्रकाश परत फेकतो आणि दुसरा गिळतो. म्हणून पट्टे दिसतात. व्हायोलिनच्या पाठीला हेच लाकूड वापरतात. मराठीत मी याला ‘लहरी मेपल’ म्हणतो, आणि हा शब्द दोन्ही अर्थांनी बसतो, कारण कोणत्या झाडात लहर निघेल हे उभ्या झाडाच्या सालीवरून छातीठोकपणे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

गुरूंनी फळी पाहिली. उलटली. पट्ट्यांकडे पाहिलेच नाही. कडेवरून बोट फिरवत मनगटाच्या जागेवर थांबले आणि म्हणाले, ‘‘ही टेबलासाठी ठेव.’’ मी ऐकले नाही. साध्या फळीच्या तिप्पट पैसे मोजले होते, आणि खरे सांगायचे तर मला ती सोडवत नव्हती. सात महिने शनिवार-रविवार खपून मी तो दस्ता काढला. भेटेल त्याने त्याची वाहवा केली.

तिसऱ्या हिवाळ्यात गोठलेल्या उतारावर माझा पाय घसरला. बंदूक हातातून सुटली आणि दस्त्याचे मागचे टोक दगडावर आपटले. रंजक घातलेली नव्हती, त्यामुळे त्या पडण्यात माझा गुडघा सोडून कोणाला काही झाले नाही. पण उचलली तेव्हा तिचे दोन भाग हातात आले. फूट चापाच्या मागे खालून सुरू होऊन मागे मागे जात सहा-सात इंचांनी मनगटाच्या वर बाहेर पडली होती. तुटलेला पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत होता. लाकूड मोडले नव्हते. तंतू एकमेकांपासून सुटले होते. फूट बाणासारखी सरळ, नळीला समांतर होती आणि दस्ताच तिच्याखालून वळून गेला होता. मामांचे ‘परत हयच मोडतली’ मला तिथे, बर्फात बसलेला असताना कळले. त्यांनी तार फुटीवर गुंडाळली होती. रेघ बदलणे त्यांच्या हातात नव्हते.

घरी आल्यावर मी आकडे काढले. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे अमेरिकी वन खात्याची लाकूडविषयक प्रयोगशाळा १९१०पासून चालू आहे. तिच्या ‘वुड हँडबुक’ या ग्रंथात तंतूंच्या तिरकेपणाचा आणि ताकदीचा संबंध दाखवणारा एक छोटा तक्ता आहे. लाकडाच्या लांबीशी तंतू समांतर असले तर ताकद शंभर धरायची. तंतू दर पंधरा इंचांत एक इंच तिरके गेले तर वाकवताना मोडण्याची ताकद ८९ उरते, दहात एक गेले तर ८१, पाचात एक गेले तर ५५. हे सावकाश दिलेल्या ताणाचे आकडे झाले. धक्का बसला, म्हणजे बंदूक पडली किंवा दांडक्यासारखी आदळली, तर हेच आकडे अनुक्रमे ८१, ६२ आणि ३६ होतात. मी मोडक्या दस्त्यावर गुण्या ठेवून मोजले. मनगटाच्या पाच इंचांत दस्ता एक इंच खाली उतरत होता आणि रेघ उतरत नव्हती. म्हणजे पाचात एक. झाडाने दिलेल्या ताकदीपैकी धक्क्यासाठी जेमतेम एक-तृतीयांश माझ्या मुठीत उरली होती, आणि त्यातून खाचेचे आणि स्क्रूचे लाकूड अजून वजा व्हायचे होते. लहरी लाकडात शिवाय प्रत्येक लाट म्हणजे एक छोटा तिरकेपणा असतो, तो वेगळाच.

मामांना हा तक्ता ठाऊक नव्हता, पण नांगराचे लाकूड ते फळीतून कधी काढत नसत. कोयता घेऊन रानात जात आणि हवा तसा बाक असलेली फांदी शोधत. कधी दोन-दोन दिवस लागत. होड्या बांधणारेही बरगड्यांसाठी असेच वाकलेले लाकूड हेरून ठेवतात. कारण साधे आहे : जो बाक झाडाने स्वतः घेतला त्यात तंतू बाकाबरोबर वळतात, आणि जो बाक आपण करवतीने काढला त्यात ते कापले जातात. माणूस सरळ लाकडातून वाकडी वस्तू सहज काढतो. ती किती दिवस टिकेल हे लाकूड ठरवते.

दस्त्यासाठी अशी फळी कुठे मिळते? बुंध्याच्या अगदी तळाशी. खोड जमिनीला भेटताना मुळांकडे फाकते, आणि त्याच्याबरोबर तंतूही हलके वळतात. तळाचा ओंडका योग्य बाजूने कापला, तर वरची चाळीस इंच रेघ सरळ येते आणि खाली, बरोबर मनगटाच्या जागी, ती वळू लागते. लाकूडतोडे बहुतेक वेळा झाड जमिनीपासून फूट-दीड फूट वर तोडतात, आणि नेमका हाच तुकडा सरपणात जातो. तो मिळाला नाही तर दुसरा मार्ग तडजोडीचा. सरळ रेघेची पण रुंद फळी घ्यायची आणि तिच्यावर दस्त्याचा नमुना जरा तिरका मांडायचा, म्हणजे मनगटातला तिरकेपणा पाचात एकवरून दहात एकच्या घरात येतो आणि उरलेला तिरकेपणा पुढच्या भागात जातो. तिथे नळीचा आधार असल्याने तो चालून जातो. त्याला लाकूड फार लागते. साठ इंचांच्या लांबीत पाच-सहा इंचांचा उतार पडतो, तेवढी जास्तीची रुंदी हवी. दुकानात मिळणारी फळी आधीच दस्त्याच्या आकाराला धरून कापलेली असते, त्यामुळे तिच्यात नमुना फिरवायला जागा उरत नाही. म्हणून मी आता आकार दिलेली फळी घेतच नाही.

रेघ वाचणे मात्र दिसते तितके सोपे नाही. फळीवर आपल्याला ज्या रेषा दिसतात त्या बहुधा वर्षवलयांच्या असतात. तंतू त्या रेषांच्या बरोबरच जातील असे नाही. पुष्कळ झाडे वाढताना पीळ घेतात. अशा झाडाची फळी वलयांच्या रेषांवरून सरळ दिसते आणि तंतू मात्र एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असतात. म्हणून दोन बाजू पाहाव्या लागतात. ज्या बाजूवर वलये बारीक समांतर रेषांसारखी दिसतात तिथे त्यांचा उतार मोजायचा. आणि ज्या बाजूवर वलयांच्या कमानी दिसतात तिथे कमानींकडे दुर्लक्ष करून वाळताना पडलेल्या केसासारख्या चिरा शोधायच्या, किंवा मज्जाकिरणांचे इवले गडद ठिपके भिंगातून पाहायचे. चीर तंतूंच्या दिशेनेच जाते. चीर नसेल तर पातळ शाईचा थेंब टाकावा. तो ज्या दिशेला लांबट पसरतो ती तंतूंची दिशा. गुरू याहून सोपे करत. फळीच्या टोकाचा चार इंचांचा तुकडा आधीच मागून घेत आणि कुऱ्हाडीने फोडत. फुटलेली बाजू काही लपवत नाही. विक्रेता तुकडा द्यायला कुरकुरला तर ते फळी खाली ठेवून चालू लागत.

लाकडाच्या जातीबद्दल हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. मला तो विषय रेघेपेक्षा दुय्यम वाटतो, तरी सांगतो. जुन्या दस्त्यांत मेपलचा वाटा सर्वांत मोठा आहे. काळा अक्रोड आणि चेरीही सापडतात. (काश्मिरी अक्रोडाचे दस्ते आपल्याकडेही होतात, पण अक्रोडाची ती जात निराळी.) मेपलमध्ये मुख्य दोन जाती. ज्याच्या रसापासून पाक करतात तो शुगर मेपल कठीण. पोलादी गोळी अर्धी रुतवायला १४५० पौंडांचा दाब लागतो. रेड मेपलला ९५० पुरतात, काळ्या अक्रोडाला १०१०. तुलनेसाठी, आपले सागवान हजाराच्या आसपास आहे. शुगर मेपलवर धार असलेली, बारीक कड टिकते आणि कोरीव काम टवके न उडता होते. पण रेड मेपल हलका असतो, पटाशीला गोड असतो, आणि चांगल्या रेघेचा रेड मेपल मी वाईट रेघेच्या शुगर मेपलपेक्षा केव्हाही घेईन. कापलेल्या फळीत दोन्ही सारखेच पांढरट दिसतात, आणि विक्रेत्याला महाग जातीचे नाव पटकन सुचते. त्यावर एक जुनी युक्ती आहे. हिराकस पाण्यात विरघळवून त्याचा थेंब सालीकडच्या पांढऱ्या लाकडावर टाकायचा. रेड मेपलवर तो निळा-काळा होतो, शुगर मेपलवर हिरवट. माझ्या खिशात कोथिंबिरीच्या रोपाला घालण्यासाठी आणलेल्या हिराकसाची छोटी बाटली असते. ती पाहून वखारीतले लोक मला वैदू समजतात.

फळी ओंडक्यातून कोणत्या दिशेने कापली, यावर लहर कशी दिसेल ते ठरते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने, म्हणजे त्रिज्येत कापलेल्या फळीच्या रुंद बाजूवर पट्टे दाट आणि ठसठशीत येतात. सालीला समांतर कापलेल्या फळीवर ते मोठे, सैल दिसतात किंवा विरळ होतात. दोन्ही तऱ्हेचे जुने दस्ते टिकून आहेत. तेव्हा त्यात फार अडकू नये. संग्रहालयात मी मुद्दाम मोजत हिंडलो तेव्हा दुसरीच गोष्ट जाणवली. त्या कारागिरांनी वापरलेली पुष्कळ लाकडे साधी आहेत. लहर असलीच तर मागच्या रुंद भागात आहे आणि मनगटात जवळजवळ नाही. आज आपण त्यांच्या नावाने जी चकाकणारी, टोकापासून टोकापर्यंत पेटलेली लाकडे मागतो, त्यांतली अनेक त्यांनी बाजूला ठेवली असती असा माझा कयास आहे. लहर उठवण्याची त्यांची रीत वेगळी होती. तेजाबात लोखंडाचा कीस विरघळवून तो द्राव लाकडाला लावत आणि तापलेले लोखंड जवळ धरत. जिथे तंतूंची तोंडे वर आलेली असतात तिथे द्राव जास्त मुरतो, गडद होतो, आणि थोडीशी असलेली लहरही जागी होते. (हे घरात करू नये. त्याची वाफ छातीत बसते.)

रेघेनंतर माझ्या लेखी दुसरा मान ओलाव्याचा. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगून चौकटीत अडकतात, हे कोणाला सांगायला नको. इथे उलटे होते. हिवाळाभर घरे तापवलेली असतात, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आक्रसते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत शुगर मेपल त्रिज्येच्या दिशेत ४.८ टक्के आणि वलयांच्या दिशेत ९.९ टक्के आक्रसतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. उघड्या छपराखाली वाळलेल्या फळीत चौदा टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो. तापवलेल्या घरात तो सातवर येतो. एवढ्या फरकाने दोन इंच रुंदीचे लाकूड अर्ध्या सुताला थोडे कमी इतके आत येऊ शकते. ऐकायला किरकोळ वाटते. पण कळेची पोलादी पट्टी लाकडात केसाचीही फट न ठेवता बसवलेली असते आणि पोलाद आक्रसत नाही. मग लाकूड तिच्याभोवती आवळते आणि फाटते. माझ्या दुसऱ्या दस्त्याला अशी चीर गेली. रेघ उत्तम होती, घाई नडली.

म्हणून फळी वाळल्याची खात्री विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. दर इंच जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. अडीच इंचाला तीन वर्षे धरावीत. ओलावा मोजायची सुई पृष्ठभागाबद्दल सांगते, आतल्या इंचाबद्दल नाही. त्यापेक्षा तराजू बरा. फळी घरात आणून ठेवायची, महिन्याला एकदा वजन करायचे आणि तारीख घालून तिच्यावरच पेन्सिलीने लिहायचे. आकडा उतरत असेल तोवर ती कच्ची. भट्टीत वाळवलेली फळी वाईटच असते असे नाही, पण घाईने वाळवली तर बाहेरचे लाकूड आधी आक्रसून ताठते, आतले नंतर, आणि ताण आतच अडकून राहतो. अशा फळीत नळीची खाच कोरली की दोन्ही भिंती आत झुकतात किंवा अख्खी फळी धनुष्य होते. ओळखायचे असेल तर टोकाचा एक काप घेऊन त्याला करवतीने चिमट्यासारखा आकार द्यावा. पाय एकमेकांकडे वळले तर फळी परत द्यावी.

बाकीचे दोष डोळ्यांना दिसतात. ऐन गाभा फळीत नको, कारण त्याच्यापासून चिरा फाकतात. गाठ मागच्या रुंद भागात एखादी चालते, मनगटात बारीकशीही नाही, कारण गाठीभोवती तंतू वळसा घेतात. बुरशीने आलेली काळ्या रेघांची नक्षी फार देखणी असते आणि लोक तिला भुलतात. तिथे नख रुतवून पाहावे. मात्र तपकिरी नार किंवा राखाडी डाग हा दोष नाही. रंग लावल्यावर तो नाहीसा होतो, आणि त्याच्यामुळे चांगली फळी निम्म्या किमतीत पदरात पडते. फळी नेहमी कोरडी असताना पाहावी. कोणी स्पिरिटचा बोळा काढला की मी आता दुसरीकडे बघतो.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या शेतावरचा एक शुगर मेपल वादळात झुकला. मालकाला तो पाडायचा होता. मी विनवणी करून तो जमिनीलगत तोडायला लावला, त्यासाठी फावड्याने मुळांभोवतीची माती मीच काढली. तळाच्या ओंडक्यातून तीन फळ्या निघाल्या. एकीत गाभा आला, एकीत सालीचा तुकडा गुंतलेला निघाला. तिसरी गुरूंना दाखवली. त्यांनी सवयीने तुकडा फोडला, नमुना मांडला, बोट फिरवले. रेघ नळीबरोबर सरळ येते आणि मनगटापाशी दस्त्याबरोबर खाली वळते. मोजले तर पंधरात एकपेक्षाही कमी तिरकी. लहर फक्त शेवटच्या फूटभरात आहे, तीही फिकट. ते काही बोलले नाहीत. दोन्ही टोकांना मेण लावायला त्यांनी आपली कढई काढून दिली.

ते गेले त्याला आता दोन वर्षे होतील. फळी माझ्या माळ्यावर आहे. तिच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेल्या वजनांची ओळ आता जवळजवळ दुसऱ्या टोकाला पोचली आहे, आणि मार्चपासूनचे सगळे आकडे सारखे आहेत. नळी आणून ठेवली आहे. नाताळच्या सुट्टीत खाच कोरायला घेईन.